एल्महर्स्टचं बंद स्टेशन पुन्हा उघडावं का?

प्रश्न थोडक्यात असा. न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये एल्महर्स्टला लाँग आयलंड रेलरोडचं, म्हणजे उपनगरी रेल्वेचं, स्टेशन होतं. प्रवासी फार कमी म्हणून ते जानेवारी १९८५ मध्ये बंद झालं. रूळ मात्र जागेवरच आहेत. पोर्ट वॉशिंग्टन शाखेच्या गाड्या रोज त्याच भरावावरून जातात, फक्त थांबत नाहीत. मागच्या दशकात स्टेशन पुन्हा बांधायची मागणी जोरात होती. २०१५-१९ च्या भांडवली आराखड्यात त्यासाठी पैसेही धरले गेले आणि पुढे ते काम मागे पडलं. तिथल्या एका मराठी वाचकाचं म्हणणं आहे, गाडी दारावरून जातेच आहे, मग ती थांबवायला काय हरकत?

माझं मत आधीच सांगतो. सबवे (म्हणजे तिथली मेट्रो) आणि रेलरोडची तिकिटं वेगवेगळी आहेत तोवर हे स्टेशन बांधू नये. तिकीट एक झालं, तर निवडक गाड्यांना थांबा द्यावा आणि त्या बेताने स्टेशन बांधावं. आता यामागचा हिशोब.

मुंबईकराला बंद स्टेशन म्हटलं की कुलाबा आठवतं. ती गोष्ट वेगळी. १९३० च्या डिसेंबरात मुंबई सेंट्रल सुरू झालं, त्याच महिन्याच्या अखेरीला चर्चगेटच्या पुढची कुलाब्याची गाडी बंद झाली, रूळ निघाले आणि जमिनीवर इमारती उभ्या राहिल्या. तिथे स्टेशन 'उघडायला' काही उरलेलंच नाही. त्या टोकाला आता भुयारी मेट्रो गेली आहे. एल्महर्स्टला रूळ चालू आहेत, वीज आहे, सिग्नल आहेत, गाड्या आहेत. त्यामुळे काम सोपं वाटतं. खरं तर चालू मार्गावरचं बंद स्टेशन हा जास्त किचकट प्रकार आहे, कारण तिथे प्रत्येक बदलाची किंमत आज गाडीत बसलेला माणूस मोजतो.

पहिला प्रश्न विचारायचा तो म्हणजे स्टेशन का बंद पडलं आणि ते कारण आज गेलंय का. एल्महर्स्टचं कारण स्पष्ट आहे. १९१७ साली रूझवेल्ट अव्हेन्यूवरून फ्लशिंगच्या दिशेने उन्नत सबवे आला. १९३६ च्या अखेरीस क्वीन्स बुलेव्हार्डची भुयारी सबवे आली आणि एल्महर्स्ट अव्हेन्यू, ग्रँड अव्हेन्यू ही स्टेशनं चालत जाण्याच्या अंतरावर उघडली. सबवे दर काही मिनिटांनी, रात्रभर, एकाच भाड्यात सगळ्या शहरभर. रेलरोड तासाला एक-दोन गाड्या, भाडं जास्त, आणि मॅनहॅटनमध्ये उतरून पुढे सबवे धरली तर तिचं भाडं पुन्हा वेगळं. अशा जोडीत स्टेशन ओस पडणारच होतं. १९८५ साली कुणी खलनायक नव्हता.

आज काय बदललंय? वस्ती दाट झाली आहे. शहराच्या हद्दीत रेलरोडचं स्वस्त तिकीट, ज्याला तिथे सिटी तिकीट म्हणतात, ते आधी फक्त शनिवार-रविवारी मिळायचं. २०२२ पासून बिनगर्दीच्या वेळी रोज मिळू लागलं आणि २०२३ च्या ऑगस्टपासून गर्दीच्या वेळीही. तेव्हा भाव होता बिनगर्दीत ५ डॉलर, गर्दीत ७ डॉलर. त्याच वेळी सबवेचं भाडं २.९० डॉलर होतं. म्हणजे दरी कमी झाली, बुजली नाही. त्या भावाने मॅनहॅटनमधल्या पेन स्टेशनला उतरून पुढे सबवे घेणाऱ्याला गर्दीच्या वेळी एका बाजूचे ९.९० डॉलर पडणार आणि दारातल्या सबवेने तोच माणूस २.९० मध्ये पोचणार. सात डॉलरचा फरक, तोही रोज दोनदा. एल्महर्स्टमधल्या किती घरांना तो परवडेल, हे तिथे राहणाऱ्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल.

इथे मुंबईचा अनुभव उलटा लागू होतो, म्हणून सावध राहायला हवं. आपल्याकडे लोकल हेच सगळ्यात स्वस्त साधन आहे. दुसऱ्या वर्गाचं किमान तिकीट ५ रुपये, मेट्रोचं १० पासून सुरू, आणि लोकलचा मासिक पास तर आणखी स्वस्त. त्यामुळे मुंबईत चालू मार्गावर नवं स्टेशन टाकलं की ते भरतं. २००६ मध्ये नाहूर झालं, २०१६ च्या डिसेंबरात जोगेश्वरी-गोरेगावच्या मधे राम मंदिर झालं, आणि ती भरतील का हा प्रश्न कुणी गंभीरपणे विचारला नाही. न्यूयॉर्कमध्ये रेलरोड हे महाग साधन आहे. 'स्टेशन बांधा, लोक येतील' हे वाक्य मुंबईत खपतं, एल्महर्स्टला नाही.

आता वेळेकडे. 'एक थांबा म्हणजे फार तर अर्धा मिनिट' असं सगळेच म्हणतात, आणि तिथेच पहिली गफलत होते. अर्धा मिनिट दारं उघडी असतात. त्याच्या आधी गाडी वेग कमी करते आणि नंतर पुन्हा वेग घेते, त्यात गेलेला वेळ कुणी धरत नाही. समजा गाडी ताशी ८० किमीने जाते आहे, म्हणजे सेकंदाला २२.२ मीटर. वेग घेणं आणि कमी करणं दोन्ही सरासरी ०.८ मीटर प्रति सेकंद वर्ग धरू. थांबायला २७.८ सेकंद लागतात, तेवढेच पुन्हा वेग पकडायला. पूर्ण वेगाने जेवढं अंतर कापलं असतं त्याच्या निम्मं गाडी या वेळात कापतेच, म्हणून निव्वळ तोटा दोन्ही मिळून २७.८ सेकंद. दारं उघडण्या-मिटण्यासकट थांबा ४० सेकंद. झाले ६८. वेळापत्रक बनवणारा त्यावर थोडी सूट ठेवतो, कारण पावसात रूळ निसरडे असतात, कुणीतरी व्हीलचेअर घेऊन चढतं, कुणी दार अडवून धरतं. दीड मिनिट धरायचं. वेग जास्त असेल तर तोटाही त्या प्रमाणात वाढतो, म्हणून तुमच्या जागेवरचा खरा वेग विचारून हेच गणित पुन्हा मांडा.

दीड मिनिट कुणाचं जातं? आधीपासून गाडीत बसलेल्यांचं. गर्दीच्या गाडीत ७०० माणसं एल्महर्स्टवरून पुढे जाणारी धरली, तर ७०० गुणिले १.५ म्हणजे १,०५० मिनिटं. याच्या उलट बाजूला एल्महर्स्टला चढणाऱ्याची बचत. एल्महर्स्ट अव्हेन्यूहून सबवेने पेन स्टेशनजवळच्या हेरल्ड स्क्वेअरला साधारण २५ ते ३० मिनिटं लागतात. रेलरोडने पेन स्टेशनला १३-१४ मिनिटं लागतील. पण सबवेला घड्याळ न पाहता निघता येतं. रेलरोडला गाडीच्या चार-पाच मिनिटं आधी पोचावं लागतं. म्हणून निव्वळ बचत दहा मिनिटं, तीही ज्याचं ऑफिस पेन स्टेशनच्या आसपास आहे त्याची. १,०५० भागिले १० म्हणजे १०५. गर्दीच्या प्रत्येक गाडीत या एका स्टेशनवर १०५ माणसं चढली तर वेळेचा हिशोब शून्यावर येतो. त्याखाली सगळा तोटा. दुपारच्या गाडीत २०० जण असतील तर हाच आकडा ३० वर येतो. आकडे उदाहरणादाखल आहेत, पण पद्धत हीच. स्टेशन गर्दीच्या वेळी परवडत नाही आणि बिनगर्दीत परवडू शकतं, हे मागणी करणाऱ्यांना सहसा उलटं वाटतं.

ग्रँड सेंट्रलचा मुद्दाही नेहमी पुढे येतो. २५ जानेवारी २०२३ ला ग्रँड सेंट्रल मॅडिसन उघडलं आणि रेलरोड पहिल्यांदा मॅनहॅटनच्या पूर्व बाजूला पोचली. एल्महर्स्टकरांसाठी हे चांगलंच, पण तिथले प्लॅटफॉर्म फार खोल आहेत आणि सरकते जिने १८२ फुटांचे, म्हणजे सुमारे ५५ मीटर लांब. गाडीतून उतरून रस्त्यावर यायला पाच-सात मिनिटं सहज जातात. वेळापत्रकातली मिनिटं सबवेशी ताडून बघताना ही पाच-सात मिनिटं दुसऱ्या पारड्यात टाका.

या दीड मिनिटाचे पुढचे परिणाम जास्त महागात जातात. एल्महर्स्टनंतर गाडी वुडसाइडला मुख्य मार्गाला मिळते आणि पुढे हॅरॉल्ड नावाच्या जंक्शनमधून नदीखालच्या बोगद्यांकडे जाते. अमेरिकेतलं प्रवासी गाड्यांचं हे सगळ्यात गजबजलेलं जंक्शन. रेलरोडच्या इतर शाखा, लांब पल्ल्याची अॅमट्रॅक आणि न्यू जर्सीच्या रिकाम्या गाड्या सगळ्या तिथे एकमेकींना छेद देतात, आणि प्रत्येक गाडीची तिथली वेळ ठरलेली असते. तुमची गाडी दीड मिनिट चुकली तर तिची जागा दुसरी घेते आणि ही तीन-चार मिनिटं ताटकळते. म्हणून नवा थांबा द्यायचा तर गाडी पोर्ट वॉशिंग्टनहून दीड मिनिट आधी सोडावी लागते, म्हणजे हॅरॉल्डची वेळ तीच राहते. आता दुसरं टोक बघा. ग्रेट नेकच्या पुढे पोर्ट वॉशिंग्टनपर्यंत एकच रूळ आहे. गाडी आधी सोडायची तर समोरून येणारी तोवर पोचलेली हवी, आणि तीही एल्महर्स्टला थांबून दीड मिनिट उशिराच येणार. एका टोकाला जंक्शन, दुसऱ्या टोकाला एकेरी मार्ग. मधल्या नव्या थांब्याला दोन्हीकडून चाप बसतो.

त्यातून येतो रेकचा, म्हणजे डब्यांच्या किती जुळलेल्या गाड्या लागतात याचा, प्रश्न. समजा एका बाजूचा प्रवास ४८ मिनिटं, दोन्ही मिळून ९६. दोन टोकांना गाडी उलट फिरवायला, चालकाने डबे ओलांडून दुसऱ्या केबिनमध्ये जायला, ब्रेक तपासायला १२ आणि १० मिनिटं. पूर्ण फेरी ११८ मिनिटांची. दर अर्ध्या तासाला गाडी हवी तर चार रेक पुरतात, कारण चार गुणिले ३० म्हणजे १२०. आता एल्महर्स्टची जाता-येता तीन मिनिटं मिळवा: १२१. चार रेकमध्ये बसत नाही. एक तर पाचवा रेक आणि त्याच्याबरोबर चालक, कंडक्टर, कारशेडमधली जागा हे सगळं आणायचं, नाही तर टोकाची वेळ कापायची. टोकाची वेळ कापली की सकाळी आठला झालेला उशीर दहा वाजेपर्यंत भरून निघत नाही. नवीन स्टेशन झाल्यावर 'हल्ली गाड्या लेट असतात' ही तक्रार सुरू होते ती इथून. स्टेशनच्या अंदाजपत्रकात पाचव्या रेकचा खर्च कधीच नसतो, म्हणून सभेत हा एकच प्रश्न विचारायची संधी मिळाली तर हा विचारा: पूर्ण फेरीची वेळ आज किती आहे आणि तीन मिनिटं वाढल्यावर रेकची संख्या बदलते का?

मार्ग निघतो तो गाड्या निवडण्यातून. गर्दीच्या वेळी बेसाइड किंवा ग्रेट नेकच्या पुढून येणाऱ्या गाड्या मधली स्टेशनं गाळून पळतात. त्यांना हात लावायचा नाही. ब्रॉडवे, मरे हिल, फ्लशिंग ही स्टेशनं करत येणाऱ्या गाड्या तशाही सगळीकडे थांबतात, त्यांनाच एल्महर्स्ट द्यायचं.

ब्रिस्टलचं अॅश्ली डाउन स्टेशन याच मुद्द्यावर बघण्यासारखं आहे. तिथलं अॅश्ली हिल १९६४ मध्ये बंद झालं. १९८४ मध्ये त्या चढावरचे चारपैकी दोन रूळ काढले, आणि उरलेल्या दोन रुळांवर लांब पल्ल्याच्या गाड्यांची इतकी दाटी झाली की मधे थांबणाऱ्या गाडीला जागाच राहिली नाही. २०१८ च्या अखेरीस ते दोन रूळ परत टाकले गेले. त्यानंतर, २८ सप्टेंबर २०२४ ला, अॅश्ली डाउन उघडलं. आधी रूळ, मग स्टेशन. आणि ब्रिस्टलला मेट्रो नाही, त्यामुळे शेजारी स्वस्त स्पर्धकही नाही. एल्महर्स्टला दोनच रूळ आहेत आणि स्पर्धक पाच-दहा मिनिटांच्या चालीवर.

प्रवासी किती मिळतील याचा अंदाज काढताना 'स्टेशन झालं तर वापराल का?' असं लोकांना विचारू नका. फुकट मिळणाऱ्या गोष्टीला कुणी नाही म्हणत नाही. तिकिटाचा भाव आणि गाड्यांचं अंतर लिहून विचारा, म्हणजे उत्तरं निम्म्यावर येतात. त्याहून बरी पद्धत म्हणजे शेजारच्या स्टेशनांवरून काढणं. वुडसाइड, मरे हिल, ब्रॉडवे या स्टेशनांच्या ८०० मीटरच्या परिसरात किती लोक राहतात आणि त्यातले किती रोज चढतात हे प्रमाण काढायचं, मग जवळ सबवे असलेल्या आणि नसलेल्या स्टेशनांचं प्रमाण वेगळं ठेवायचं. मरे हिल आणि ब्रॉडवेजवळ सबवे नाही, म्हणून त्यांचा आकडा एल्महर्स्टला चिकटवला की फुगीर उत्तर मिळतं. प्रचारपत्रकांत नेमका तोच चिकटवलेला असतो. वुडसाइड जास्त जवळचं उदाहरण, कारण तिथे सबवे आहे. पण तिथे अनेक शाखांच्या गाड्या मिळतात, एल्महर्स्टला एकाच शाखेच्या मिळतील. शिवाय वुडसाइडहून सरकून एल्महर्स्टला आलेला प्रवासी नवा धरायचा नाही.

उलट दिशेचा प्रवासी मात्र बहुतेक अहवालांत विसरला जातो. एल्महर्स्टचं मोठं सरकारी रुग्णालय तिथल्या ब्रॉडवे या रस्त्यावरच आहे. तिथे कामाला येणारे नर्स, तंत्रज्ञ, सफाई कर्मचारी, भेटीला येणारे नातेवाईक यांतले काही फ्लशिंग-बेसाइडकडून येतात, म्हणजे गर्दीच्या उलट, रिकाम्या गाड्यांतून. बेसाइडकडच्यांना सबवेचा सरळ पर्यायही नाही. मी अभ्यास लिहीत असतो तर पाळीच्या वेळा घेऊन बसलो असतो. सकाळी सातची पाळी असेल आणि पहिली उपयोगी गाडी ७:१० ला पोचत असेल, तर तो सगळा प्रवासी हातचा गेला. शनिवार-रविवारी शेजारच्या जॅक्सन हाइट्सला किराणा आणि मिठाई घ्यायला लाँग आयलंडहून येणारी आपली मंडळी बहुतेक गाडी काढतात आणि पार्किंगसाठी फेऱ्या मारतात. त्यातली थोडी वळतील, पण तांदळाची वीस किलोची गोणी घेऊन कुणी लोकलमध्ये चढत नाही.

बांधकाम. बारा डब्यांची गाडी, डबा ८५ फुटी, म्हणजे पूर्ण प्लॅटफॉर्म ३११ मीटर. दोन बाजूंना दोन. आठ डब्यांचा केला तर २०७ मीटरमध्ये भागतं, पण मग मागच्या डब्यांतल्या लोकांना उतरताना पुढे चालत यावं लागतं. घोषणा ऐकली नाही की पंधरा-वीस जण दाराशी अडकतात आणि ४० सेकंदांचा थांबा ७० चा होतो. पैसे वाचवायला प्लॅटफॉर्म आखूड केला तर वरचं सगळं वेळेचं गणित बिघडतं. आठच डब्यांच्या गाड्या थांबवणार असाल तर आखूड चालेल, नाही तर नको.

प्लॅटफॉर्म रुळापासून सव्वा मीटर उंच आणि रूळ रस्त्यापेक्षा वर, भरावावर. शंभर वर्षं जुन्या भरावाच्या कडेला नुसता काँक्रीटचा भार टाकला तर कड खचते आणि रूळ एका बाजूला झुकतो. म्हणून बारीक व्यासाच्या पाइल (जमिनीत उतरवलेले खांब) खोल घेऊन त्यांवर खांब आणि त्यांवर तयार स्लॅब बसवतात, भार भरावाच्या अंगावर येऊ देत नाहीत. पाइल मारताना रुळाची पातळी रोज मोजावी लागते. काही मिलिमीटर सरकली तरी गाड्यांना वेगमर्यादा लागते, आणि ती लागली की पुन्हा वेळापत्रक. विजेचा तिसरा रूळ प्लॅटफॉर्मच्या पलीकडच्या बाजूला हवा, म्हणजे दोन बाजूंच्या प्लॅटफॉर्ममध्ये तो मधोमध येतो. स्टेशन बंद झाल्यावर दुरुस्तीत तो बाहेरच्या बाजूला गेला असेल तर ७५० व्होल्टची ती सगळी लाइन आधी हलवावी लागेल. हे एका जागाभेटीत कळतं, तरी ते खर्चात शेवटी उगवतं.

वळणाची तपासणी सगळ्यात आधी करा. वळणावरच्या प्लॅटफॉर्मला डबा आणि काठ यांत फट पडते. २००६ मध्ये शेजारच्याच वुडसाइडला अशा फटीतून पडून एका तरुणीचा जीव गेला, त्यानंतर रेलरोडने कित्येक स्टेशनांवर काठाला फळ्या लावल्या आणि रूळ सरकवले. नव्या स्टेशनात ही चूक नकाशावरच टाळता येते: प्लॅटफॉर्म सरळ भागात न्या, मग प्रवेशद्वार रस्त्यापासून पन्नास मीटर लांब पडलं तरी चालेल.

जिन्यांचा हिशोब साधा आहे. दोन मीटर रुंद जिन्यावरून मिनिटाला साधारण ८० माणसं उतरतात. एका गाडीतून १५० उतरणार असतील तर दोन मिनिटं. पुढची गाडी त्याच्या आत येऊ नये, किंवा दुसरा जिना हवा. न्यूयॉर्कच्या या शाखेवर ते सहज जमतं. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर २३ जण गेले ते याच गणितात, अरुंद जिना आणि एकामागून एक येणाऱ्या गाड्या. व्हीलचेअरसाठी प्रत्येक बाजूला लिफ्ट किंवा उतार कायद्याने लागतोच. लिफ्ट असतील तर मी दोन-दोन मागेन, कारण एकच लिफ्ट बंद पडली की व्हीलचेअरवाल्यासाठी स्टेशन बंदच झालं.

काम चालू रुळांशेजारी होणार, म्हणजे ब्लॉक. मुंबईत रविवारचा मेगाब्लॉक परिचयाचा आहे. न्यूयॉर्कमध्येही शनिवार-रविवार एक रूळ बंद ठेवून दुसऱ्यावर दोन्ही दिशा चालवतात. पण रूळ बदलायच्या जागा दूर असतील तर अर्ध्या तासाची सेवासुद्धा टिकत नाही आणि बस लावाव्या लागतात. शिवाय याच शाखेवर मेट्स-विलेट्स पॉइंट हे मैदानाशेजारचं स्टेशन आहे. बेसबॉलच्या हंगामात घरच्या सामन्यांच्या दिवशी आणि ऑगस्टअखेर ते सप्टेंबरपर्यंत यूएस ओपन टेनिसच्या काळात ब्लॉक मिळणार नाही. थंडीत काँक्रीट नीट बसत नाही. वर्षाकाठी कामाला उपयोगी शनिवार-रविवार मोजा, मग कंत्राटाची मुदत ठरवा. उलट करणाऱ्यांची मुदत दुप्पट होते.

तयार झाल्यावरही आणखी वेळ जातो. गाडीचं आपोआप वेग नियंत्रण करणाऱ्या यंत्रणेत नवा थांबा भरून तपासावा लागतो, चालकांना जागा ओळखीची व्हावी लागते. आपल्याकडे ठाणे-ऐरोलीमधलं दिघा गाव स्टेशन बांधून तयार होतं आणि उद्घाटनासाठी कित्येक महिने नुसतं उभं होतं. १२ जानेवारी २०२४ ला ते उघडलं. तिथे कारण वेगळं होतं, पण प्रवाशाच्या दृष्टीने परिणाम तोच.

चालवायचा खर्च लोक धरत नाहीत. बर्फ काढणं, लिफ्टचा देखभाल करार, दिवे, कॅमेरे. त्यात सगळ्यात वाईट म्हणजे बर्फासाठी टाकलेलं मीठ. ते भेगांतून सळईपर्यंत पोचतं, सळई गंजून फुगते आणि प्लॅटफॉर्मचा काठ तुकड्यांनी गळतो. क्लोराइड नसलेलं रसायन वापरायचं आणि काठाच्या फरशा सुट्या, बदलता येण्याजोग्या ठेवायच्या, हे कंत्राटात लिहून घ्या.

तात्पुरता प्लॅटफॉर्म टाकून आधी करून बघता येईल का, असंही विचारलं गेलंय. येतं. इंग्लंडमध्ये २००९ च्या पुरात पूल वाहून गेल्यावर वर्किंग्टन नॉर्थ हे स्टेशन आठवड्याभरात उभं केलं आणि ३० नोव्हेंबरला सुरूही केलं. पण ते सपाट जमिनीवर होतं. एल्महर्स्टला भराव आणि प्लॅटफॉर्म मिळून चढ सहा मीटरच्या आसपास धरला, तर एकास बाराचा उतार ७२ मीटर लांब होतो. दर ७६ सेंटिमीटर चढानंतर दीड मीटरचा सपाट टप्पा सक्तीचा, तसे सात टप्पे. एकूण ८३ मीटर, आणि ते दोन्ही बाजूंना. दाट वस्तीत एवढी जागा शोधण्यापेक्षा भाड्याचा प्रयोग स्वस्त आहे: वुडसाइडहून वर्षभर सबवे आणि रेलरोडचं एकच तिकीट चालवून बघा. एल्महर्स्टचे लोक शेजारच्या वुडसाइडला जाऊन किती संख्येने रेलरोड धरतात, हे तिकीटयंत्रांतूनच कळेल. त्यांत गर्दीच्या वेळचे शंभर सापडले नाहीत तर पुढचा अभ्यास करायची गरज नाही.

तोवर एक गोष्ट मात्र मागून घ्या, ती जवळजवळ फुकट आहे. ब्रॉडवेवरचा रेल्वेपूल किंवा त्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंती कधी ना कधी दुरुस्तीला निघतील. त्या वेळी नव्या भिंतींच्या मागे प्लॅटफॉर्मच्या खांबांसाठी पाइलही घ्या, तिसरा रूळ मधोमध ठेवा, केबल प्लॅटफॉर्मच्या जागेतून न नेता बाहेरून फिरवा, आणि रस्त्यालगत लिफ्टपुरता, साधारण तीन बाय तीन मीटरचा तुकडा दोन्ही बाजूंना विकू देऊ नका. हे पुलाच्या कंत्राटाची निविदा निघण्यापूर्वी लेखी मागावं लागतं. निविदा निघाली की प्रत्येक पाइलसाठी बदलाची वेगळी बोली लागते आणि भाव तिथेच तिप्पट होतो.